कुणी का असंना

माय, मी लातुरात असते. कॉलेजात मराठी शिकवायचे, ते यंदा सोडलं. उन्हात निघालं की चेहरा भाजल्यासारखा होतो, सकाळी बोटं मिटत नाहीत. पण दुखण्यापेक्षा थकवा जास्त. झोपून उठावं आणि झोपेचाच शीण वाटावा, असा. आजाराचं नाव ल्युपस. तू असताना आपल्याकडं कुणी हे नाव घेतलेलं मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, समजावून सांगतात. म्हणाल्या, ‘मॅडम, पेशीत डीएनएची जागा ठरलेली असते, मुख्यतः केंद्रकात. बाहेरच्या मोकळ्या भागात तो सापडला, की पेशी धरून चालते की विषाणू घुसला. मग ती हाक देते, शेजारच्या पेशी सावध होतात.’ मी विचारलं, ‘त्यावर काय लिहिलंय ते ती वाचत नाही?’ त्या हसल्या. ‘तुम्ही मराठीच्या ना? नाही वाचत. विषाणूचा आहे की आपलाच, हे बघत नाही. कुठं सापडला, एवढंच बघते. एरवी आपला सांडलेला डीएनए लगेच साफ होतो. तुमच्यात बहुतेक ती सफाई मागं पडते. मग हाक थांबतच नाही आणि शरीर आपल्यावरच तुटून पडतं.’

घरी आल्यावर हे मी ह्यांना सांगितलं. चहा गाळता गाळता म्हणाले, ‘म्हणजे तुझ्या आईचाच कारभार की हा.’ मी हसले. मग मला नांदेडचं ते दवाखान्याचं दार आठवत राहिलं.

तू बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी कामाला असायचीस. सगळे तुला मावशी म्हणत. डॉक्टर, पेशंट, पेशंटची नातवंडंसुद्धा. डॉक्टरांचा राउंड चालू असताना आत बाहेरचं कुणी दिसलं की तू बाहेर काढायचीस. आणि एक दिवस माझा दहावीचा निकाल लागतो. मी शाळेतून पळत येते, तू दारात नाहीस, म्हणून आत शिरते. तू खाटांच्या मधून येतेस.

‘कामून आलीस? भाईर हो.’

‘माय, म्या हाय.’

‘कुणी का असंना. भाईर.’

खाटेवरची एक म्हातारी म्हणते, ‘मावशे, पोरगी न्हवं का तुमची?’

‘हाव, ठाऊक हाय. राउंड चालू हाय.’

‘मग डॉक्टरलाच काढा की भाईर,’ म्हातारी म्हणते आणि सगळा वॉर्ड हसतो. तू हसत नाहीस. माझ्या दंडाला धरून दारापर्यंत आणतेस. संध्याकाळी घरी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्यास, वर तूप जास्त घातलंस. मी निकाल सांगितला नाही. तो तुला शेजारणीकडून कळला होता.

पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं, तू मला त्या क्षणी ओळखलंच नव्हतंस. तसं असतं तर सोपं होतं. पण तू म्हातारीला म्हणालीस, ठाऊक हाय. पेशीला ठाऊक नसतं. तिला बघायला दुसरं काही दिलेलंच नाही, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही. ह्यांची गंमत तिथं चुकली. मी त्यांना तसं सांगितलं नाही. तेही दमलेले असतात. दोन वेळचा स्वयंपाक आता तेच करतात.

आता एक औषध आहे. पेशी हाक देतच राहील, पण बाकीच्यांना ती ऐकू जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. ‘खरोखर विषाणू आला तर तेव्हाही ती कमीच ऐकू जाईल. नागीण उठू शकते, साधा ताप लांबू शकतो. आणि औषध दिलं नाही तर हा आजार मूत्रपिंडाकडं वळतोय. विचार करून सांगा, पण फार दिवस लावू नका.’ विचार करायचा म्हणजे कशाचा, ते मला कळेना. एकीकडं माझंच शरीर मला खातंय. दुसरीकडं घरात कुणीही शिरावं आणि कुणाला पत्ता लागू नये. मी गॅलरीत पडदा ओढून बसत होते. मुलीचा भोकरहून रोज फोन. ‘आई, ठरलं का?’ मी म्हणायचे, बघते. ती म्हणायची, ‘बघून राहिली, बघून राहिली, किती दिवस बघून राहिली?’

काल बाईंना फोन केला आणि हो म्हणाले. त्यांनी विचारलं, सगळ्या बाजूंनी विचार केलात ना? केला म्हटलं. मुलीलाही तसंच सांगितलं, ह्यांनाही. दोघांना बरं वाटलं.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला खरं लिहिते. विचार मी केला नाही, माय. दमले होते, म्हणून हो म्हणाले.