जावक क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी

१४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
डिंकीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर सांगितलेल्या गोष्टीला आवक क्रमांक मिळत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य करून सगळं कागदावर लिहिते आहे. आईला वाचून दाखवा, पण नेहमीसारखी मधली वाईट वाक्यं गाळू नका.

अधिव्याख्याता भरतीच्या लेखी परीक्षेत मी वनस्पतिशास्त्रात पहिली आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जूनमध्ये मुलाखत झाली, तिचे गुण वीस. मला नऊ मिळाले. दोन्ही मिळून मी दुसरी येते आणि जागा पाच. तरी यादीत माझं नाव नाही, कारण मुलाखतीत निदान दहा गुण हवेतच, अशी अट विभागाने लावली. जाहिरातीत या अटीचा मागमूस नव्हता. म्हणून वेगवेगळ्या विषयांचे आम्ही सात जण कोर्टात गेलो. खेळ निम्म्यावर आल्यावर नियम बदलू नका, एवढंच आमचं म्हणणं.

काल विभागाने उत्तर दाखल केलं. सोबत त्या अटीचं परिपत्रक जोडलं आहे, तारीख ४ जानेवारी. जाहिरात फेब्रुवारीतली. म्हणजे अट आधीपासून होतीच, तुम्ही नियम वाचले नाहीत हा तुमचा दोष, असं ते म्हणतात. वकीलबाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की तारखेपुढे काही चालत नाही.

मला वाटतं अर्ज मागे घ्यावा. आठ वर्षं तासावर शिकवते आहे. मार्चमध्ये वयाची मर्यादा ओलांडली की पुढच्या कुठल्याच भरतीला बसता येणार नाही, मग जन्मभर तासच मोजायचे. पण हरलेल्या खटल्याच्या मागे आणखी किती धावायचं?

एक गोष्ट राहिली. मुलाखतीत वडील काय करतात असं विचारलं होतं. मी 'शासकीय सेवेत होते' म्हटलं. कारकून हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळला. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. रागवायचं तर रागवा, पण पत्राचं उत्तर द्या.

तुमची माया होती तशीच असू द्या.
डिंकी

---

१९ नोव्हेंबर

चि. डिंकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. वाईट वाक्यं गाळली नाहीत, त्यामुळे ती दोन दिवस माझ्यावरच रागावली आहे, जसं काही परिपत्रक मीच काढलं.

शेवटच्या गोष्टीबद्दल आधी. शासकीय सेवेत होतो हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. बाकीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तीन वर्षांची असताना माझ्या टेबलावरच्या डिंकात दोन्ही हात बुडवून फाइलीला चिकटून बसली होतीस, तेव्हापासून तुझं नाव डिंकी. त्या वयात तुला माझ्या हुद्द्याची लाज नव्हती, एवढं मला पुरे.

आता कामाचं. अर्ज मागे घेऊ नकोस. त्या परिपत्रकाची तारीख तू लिहिलीस, पण जावक क्रमांक लिहिला नाहीस. वकील तारीख बघतात, कारकून क्रमांक बघतो. तारीख कुणीही हवी तशी घालू शकतो, क्रमांकाला मात्र रांगेत उभं राहावं लागतं. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात वर बघ आणि उलट टपाली कळव. तसंच ते परिपत्रक जानेवारीत आलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे.

थंडी पडली असेल. तुझ्या वाळवलेल्या पाल्याला जपतेस तेवढं स्वतःलाही जप.
तुझे बाबा

---

२४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

क्रमांक ११८७. डाव्या कोपऱ्यातच होता, तुमची नजर इथपर्यंत पोचते म्हणायची.

पण मला एक सांगा. तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली. विभागाचं परिपत्रक तुमच्या जुन्या कॉलेजच्या कचेरीत कधी आलं, हे तुम्हाला घरबसल्या 'पक्कं' कसं माहीत? वकीलबाईंना मी तुमचं पत्र दाखवलं. त्यांनीही नेमकं हेच विचारलं, आणि समोरचा वकील तर पहिल्याच दिवशी विचारील. तेव्हा जे असेल ते सरळ लिहा.

आणि माझ्या नमुन्यांना पाला म्हणू नका. साडेतीनशे कागद झाले आहेत, प्रत्येकावर गोळा केल्याची तारीख आणि जागा. ही खोड कुणाकडून आली ते सांगायला नको.

लोभ कमी करू नका.
डिंकी

---

२९ नोव्हेंबर

चि. डिंकीस आशीर्वाद.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नाही. हे पत्र मी आईला वाचून दाखवलेलं नाही.

तुला माहीत आहे, सेवाप्रवेश नियमांचं जाड पुस्तक कॉलेजच्या कचेरीत असतं. नियम बदलला की विभागाकडून शुद्धिपत्रक किंवा परिपत्रक येतं, ते त्या त्या पानावर चिकटवायचं. बत्तीस वर्षं ते काम माझं. चिकटवलं की कडेला पेन्सिलीनं तारीख घालायची. कुणी शिकवलं नव्हतं, माझीच सवय.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी एका दाखल्यासाठी कचेरीत गेलो, तर सहा शुद्धिपत्रकं टाचणी लावून खिडकीत पडलेली. माझ्या जागी आलेल्या बाईंवर तीन टेबलांचं काम. मी म्हटलं, बसतो जरा. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी डिंकाची बाटली घेऊन जातो, आलेले कागद चिकटवतो, तारीख घालतो आणि परत येतो. आईला सांगितलंय की मित्रांकडे पत्ते खेळायला जातो. पत्ते खेळणारा नवरा तिला चालतो, निवृत्तीनंतर फुकट चाकरी करणारा चालला नसता.

तर हे परिपत्रक मी ७ जुलैला चिकटवलं, पान ४३. तुझी मुलाखत होऊन तीन आठवडे झाले होते. पण तेही सोड. विभागाचा जावक क्रमांक दर एक जानेवारीला एकपासून सुरू होतो. पुस्तकात ६ जानेवारीच्या कागदाचा क्रमांक ५२ आहे आणि ३० जूनच्या कागदाचा ११७९. मग ४ जानेवारीला ११८७ कुठून आला? जुलैत काढलेल्या कागदाला त्यांनी जानेवारीची तारीख घातली, पण क्रमांक बदलायला विसरले. चोराला कोपरा दिसला नाही.

कागद चिकटवताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण तुझ्या जाहिरातीशी त्याचा संबंध आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ही चूक माझी.

अडचण एवढीच, की शपथपत्रात हे सगळं लिहावं लागेल. लोक हसतील. मी हसू सोसेन, पण बाहेरच्या माणसाला सरकारी पुस्तकाला हात लावू दिला म्हणून त्या बाईंवर बालंट यायला नको. परवा सोमवार आहे. त्यांनाच विचारतो, आणि त्या नाही म्हणाल्या तर मी तुला नाही म्हणेन. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझे बाबा

---

३ डिसेंबर

चि. डिंकीस अनेक आशीर्वाद.

या घरात पत्रं लिहिण्याचा मक्ता तुझ्या बाबांचा, पण आज मी लिहिते आहे. त्या कारकून बाई काल स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, काकांनी खरं ते लिहावं, मीही माझं शपथपत्र देते, आणि साहेबांनी विचारलं तर चार वर्षं हे काम दुसऱ्या कुणी केलं का ते मीच त्यांना विचारीन. मला ती पोरगी फार आवडली.

पत्त्यांचं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पत्ते खेळून आलेल्या माणसाच्या बाहीला डिंक कसा लागेल? सदरे मीच धुते. चार वर्षं गप्प राहिले, कारण सोमवारी ते खुशीत घरी येतात. पण तू त्यांना हे सांगू नकोस. त्यांना वाटू दे की त्यांचं गुपित त्यांनी काल फोडलं.

नीट जेव.
तुझी आई

---

२१ जानेवारी

तीर्थरूप आईस सा. न. वि. वि.

बाबा सकाळच्या गाडीने निघाले. कोर्टात काय झालं ते तुला दोन ओळींत सांगतील, म्हणून मी सगळं लिहिते.

विभागाचा वकील आधी हसला. म्हणाला, डिंकाची बाटली घेऊन फिरणारा निवृत्त कारकून शासनाच्या परिपत्रकाची तारीख ठरवणार का? मागच्या बाकावरही काही जण हसले. बाबा पहिल्या रांगेत सरळ बसून होते. आई, मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

न्यायमूर्ती बाई होत्या, त्यांनी पुस्तक मागवून घेतलं. पहिल्यापासून पानं उलटायला लागल्या, सावकाश, एकेक. तो वकील काही बोलायला लागला तर त्याला हातानं थांबवलं. मग त्यांनी विचारलं की या पेन्सिलीच्या तारखा कुणाच्या. बाबा उभे राहिले. न्यायमूर्तींनी विचारलं, छत्तीस वर्षांत एखादी तारीख राहून गेली का? बाबा म्हणाले, हो, एक राहिली, पान १९, त्या दिवशी मुलीचा जन्म झाला होता. न्यायमूर्तींनी पान १९ काढून पाहिलं. तिथे खरंच तारीख नव्हती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्यांनी विभागाला गेल्या वर्षीच्या जानेवारीचं जावक रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. वकील म्हणाला सापडत नाही. तर म्हणाल्या, एक निवृत्त माणूस कागद सापडेल असा ठेवतो आणि एवढ्या मोठ्या विभागाला ते जमत नाही? पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी आपल्या वरिष्ठांशी माझी ओळख करून दिली. त्यांनी विचारलं, वडील काय करत होते? मी म्हटलं, कारकून. इतकं मोठ्यानं म्हटलं की बाबांनी मागे वळून पाहिलं.

माया आहेच, ती राहू दे.
डिंकी

---

१८ मार्च

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

निकालाचं तुम्हाला फोनवर सांगितलं, आता आवक क्रमांक मिळावा म्हणून लिहिते. परिपत्रक जुलैत निघाल्याचं विभागाला कबूल करावं लागलं, आणि ती अट आमच्या भरतीला लागू नाही असं कोर्टाने ठरवलं. सातांपैकी चौघं यादीत आलो. बाकी तिघांचे एकूण गुणच कमी पडले. तरी त्यांतल्या एकाने मला फोन करून तुमची चौकशी केली.

काल रुजू झाले. प्रयोगशाळेची किल्ली मिळाली, आणि माझे साडेतीनशे कागद ठेवायला एक पूर्ण कपाट. आठ वर्षं ते पलंगाखाली होते.

विभागाने कोर्टाच्या आदेशाप्रमाणे शुद्धिपत्रक काढलं आहे. कचेरीतून तुमच्याकडे यायला वेळ लागेल, म्हणून एक प्रत सोबत जोडली आहे. हे दुसऱ्या कुणी चिकटवायचं नाही.

तुमचीच,
डिंकी

---

८ एप्रिल

चि. डिंकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शुद्धिपत्रक पोचलं. क्रमांक आणि तारीख दोन्ही तपासले, या वेळी जुळतात.

परवा पहिला सोमवार होता. निघताना आईने स्वतः डिंकाची बाटली हातात दिली आणि म्हणाली की पत्ते जिंकून या. तिला खरं कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही.

पान ४३ वर शुद्धिपत्रक चिकटवलं, कडेला तारीख घातली. आजवर तारखेपलीकडे एक अक्षर मी त्या पुस्तकात लिहिलं नव्हतं. सरकारी पुस्तक आहे, आपली वही नव्हे. परवा मात्र पेन्सिल थांबेना. तारखेखाली लिहिलं, 'अर्जदार माझी मुलगी.'

लगेच वाटलं, हे बरोबर नाही. खोडरबर शोधायला लागलो. कारकून बाई शेजारून बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातून रबर काढून घेतलं, आपलं पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, काका, पेन्सिल पुसली जाते, यावरून शाई फिरवा.

मी फिरवली.

तुझे बाबा,
निवृत्त कारकून