वीरप्पाचं बोट

येडशी, ता. ३ जुलै २०२५
श्री. राजशेखर यांस,
महेश्वरीचा शरणु-शरणार्थी नमस्कार. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुमच्याकडं नेमकं गिऱ्हाईक येतं, म्हणून माहेरून पत्र. सातव्या महिन्याच्या तपासणीत माझा एचआयव्हीचा रिपोर्ट चांगला आला. बायको चांगली म्हणजे मीही चांगला, असं तुम्ही आमच्या महांतेशदादाला ऐकवलंत म्हणे. वा रे वा! मग कळाही तुम्हीच द्या. नर्सबाई म्हणाल्या, नवऱ्याचं रक्त वेगळं तपासावं लागतं. त्याला लागण असली तर पुढं मला न् बाळालाही होऊ शकते. दवाखान्याची लाज वाटत असेल तर दादाबरोबर घरी तपासायचा किट पाठवलाय. बोट टोचायचं, थेंब टाकायचा. एवढं तरी जमवा.

तुमच्या फुशारकीला कंटाळलेली,
महेश्वरी

कळंब, ता. ९ जुलै
चि. सौ. महेश्वरीस, अ. उ. आ.

डोकं फिरलं वाचून. आमचं घराणं तुला ठावं न्हाय व्हय? तरी तुझ्या हट्टापायी केलं. एकच रेघ आली, म्हंजे काय बी न्हाय. सोबत फोटो. दूध पीत जा. रविवारी येतो.

तुझाच,
राजशेखर

येडशी, ता. १६ जुलै
श्री. राजशेखर यांस,

त्या फोटोच्या भरवशावर तुम्हाला दोन रात्री मुक्कामाला ठेवून घेतलं, जवळ केलं. आज फोटो नीट पाहिला. किटशेजारी टोचलेलं बोट आहे, अन् त्याला अर्धं नखच नाही! आपल्या आडत दुकानात पोती शिवणाऱ्या वीरप्पाचं ते बोट. दाभणानं नख गेलं तेव्हा मीच हळद लावली होती. वीरप्पा ठणठणीत आहे, त्याला कळवा. पोती उचलायला गडी ठेवतात हो, रक्त द्यायलाही? शी! खरी तपासणी होईतो मी न् बाळ कळंबला येत नाही.

लोभ सध्या वीरप्पावर,
महेश्वरी

कळंब, ता. १९ जुलै
महेश्वरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाय. किटात दोन पट्ट्या होत्या. पहिली म्या केली. दोन रेघा आल्या. लई भ्यालो, मग वीरप्पाला बोलावलं. लग्नाआधी सोलापूरला बायांकडं जायचो, ते तुला कधी सांगितलं न्हाय. आईला कळू देऊ नको.

राजशेखर

येडशी, ता. २१ जुलै
अहो,

घरच्या किटवर पक्कं होत नाही. सरकारी दवाखान्यात पुन्हा रक्त द्यावं लागतं. निघालंच तर औषध फुकट आहे, माणूस नीट जगतो. त्या आजाराची मला किळस नाही. दोन रेघा बघून तुम्ही माझ्या अंथरुणात आलात, त्याची आहे.

येत्या सोमवारी, २८ तारखेला, सकाळी दहाला धाराशिवला या. मलाही पुन्हा तपासायला सांगितलंय, बाळासाठी. त्याच रांगेत असेन. माझ्या शेजारी बसू नका.

महेश्वरी