लेसोथोत रेंज नाय

१ जून २०२५, रविवार
रामहरी लेसोथो देशात मोबाईलचे टावर उभे करायला गेला. पोराचा मला अजून एक फोन नाय. कारण साफ आहे. तिथं रेंज असती तर ह्याला कशाला नेलं असतं? देश एवढासा, सगळा डोंगर. लोक उगं डोकं खातात. आजपासून काळजी बंद.
दुपारी हिनं दळणाचा डबा देऊन गिरणीवर पाठवलं.

४ जून
काळजी बंदच आहे. फक्त मोबाईलच्या दुकानात जाऊन आलो. संघपालनं फोन उलटापालटा करून पाहिला. म्हणला, आबा, फोन ओके आहे, पडेगावात फुल रेंज आहे. म्हणलो, पडेगावचं कोण विचारतंय? परदेशी फोनचा मोठा रिचार्ज मारला.

८ जून, रविवार
पुन्हा दळण. दोन माणसं, पीठ खातात तरी किती.
संध्याकाळी ही म्हणली, तिकडं बर्फ पडतोय, पोरानं दोन-दोन स्वेटर घातलेत. म्हणलो, तुला काय म्हाईत? म्हणली, टीव्हीवर सांगितलं.
टीव्ही दिवाळीपासून बंद आहे. रिपेर करून घ्यायला पाहिजे.

१२ जून
मीच लावला फोन. एक बाई इंग्रजीत कायतरी बोलली अन् कट. पुन्हा लावला. तीच बाई. टावर अर्धाच झाला असणार.

१७ जून
हिच्या मोबाईलवर फोटो आला. रामहरी टावरखाली उभा, बाजूला घोंगडी पांघरलेले तिथले धनगर अन् मेंढरं. आम्ही मेंढरं इकून पडेगावात आलो, हा सातासमुद्रापार जाऊन मेंढरातच. लई हसलो. मग विचारलं, फोटो येतो तर फोन का येत नाय? ही पीठ चाळायला लागली. मीच समजावलं. फोटो हलका असतो, बोलणं जड.

२५ जून
ही भांडली. म्हणली, पोरगं निघालं तवा स्टँडवर चार लोकांत तुम्हीच म्हणलता, मेंढरं वळायची अक्कल नाय, टावर कशाचा उभा करतो. मी मेलो तरी फोन करू नको, हेबी तुम्हीच. म्हणलो, बापाची बोलायची पद्धत असते, पोराला कळतं.
जेवलो नाय. पोट बिघडलं होतं म्हणून.

२ जुलै
टावर झाला. ही म्हणली. कुठून कळलं ते विचारलं नाय. आता पहिला फोन मलाच. बोलायचं ठरवून ठेवलं. जेवला का? मग, घोंगडी भिजू देऊ नको, जड व्हते. पुढं काय सुचंना. मोरीत दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या टायमाला नळ सोडून म्हणलो. पाय धुवायचे होते.

६ जुलै, रविवार
गिरणीवर लाईट नाय. डबा तसाच घेऊन माघारी आलो. दार लोटलेलं. ही फोनवर, स्पीकर चालू. रामहरी म्हणत होता, आई, आबा गेले का गिरणीवर? ही म्हणली, गेले, बोल निवांत.
लेसोथोत रेंज आहे. मागं मेंढरं ओरडत होती, तीबी ऐकू आली.
आलो तसाच डबा घेऊन फिरलो. लाईट येईपर्यंत गिरणीच्या ओट्यावर बसलो.
पुढल्या रविवारपासून पडेगावची सोडून मिटमिटा गावच्या गिरणीवर जाणार. लांब पडतं, पण पीठ बारीक येतं.