पहिल्या भट्टीचा मान

थोरल्या जाऊबाई सिडोनी यांस,

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणता? सरपंचाची बायको, नवी टोपी घालून! मग जुन्या वास्तूंचा वारसा बघणारे सरकारी पाहुणे आले, शेवटी पॅरिसहून तुम्ही. गावाची दगडी भट्टी कितीतरी वर्षांनी पेटली होती, आणि जिचा पाव पाहुण्यांना पसंत पडेल तिचं नाव भट्टीवर कोरणार होते.

सासूबाई होत्या तेव्हा याच भट्टीत, दगड नीट तापायच्या आधी, पहिला पाव तुम्ही मलाच टाकायला लावायचात. तो कच्चा निघाला की चारचौघांत म्हणायचात, "आमची ऑर्टांस विटा छान भाजते हो!"

काल मात्र तुम्हीच पुढे झालात. "मी थोरली, पहिला मान माझा." शहरात राहून विसरलात बाई! मी गोड हसून म्हटलं, "घ्या ना, जाऊबाई."

तुमचा पाव कापला तर आत नुसती लापशी. पाहुण्यांनी घास रुमालात थुंकून टाकला! तुम्ही पिठाला नावं ठेवलीत. माझा पाव तिसऱ्या खेपेला टम्म फुलला.

हे पत्र टपालात टाकणार नाही, नाहीतर सावध व्हाल. नाव कोरण्याआधी पाहुणे पुन्हा चव घ्यायला येणार आहेत, सेंट मार्टिनच्या सणाला. त्या दिवशीही पहिला मान तुमचाच.

तुमची धाकटी,
ऑर्टांस