ओटीतल्या बाटल्या

राजेंद्र नगर, इंदूर
सोमवार

सौ. शैलजाविहीणबाई यांस,

तुमच्या पोरीनं आज तांदळाच्या डब्यात बाटली लपवली. खिचडीसाठी हात घातला तर हाताला झाकण लागलं. कोल्ड्रिंकची बाटली, तीही अर्धी प्यालेली! परवा न्हाणीघरात बादलीखाली सापडली, त्याच्या आदल्या दिवशी देवघरात समईच्या मागे. देवाला तरी सोडा म्हणावं! हां, नमस्कार राहिला. नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, व्याहीबुवांचं बीपी कसं आहे, बऱ्हाणपुरात उकाडा किती आहे, सगळं कळवा, पण आधी माझं ऐका. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि इकडे ऋजुता भिंतीला कान लावते. चौथी शिकलेली बाई आहे मी, अक्षर लागेल तसं वाचा.

सातवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिची साखर तपासली. वाढलेली निघाली. म्हणाल्या, कोल्ड्रिंक एकदम बंद. पुढच्या तपासणीतही असंच आलं तर सुया घ्याव्या लागतील, बाळ पोटात फार मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल. आमच्या हृषीकेशनं (माझाच मुलगा, पण खरं ते सांगते, बायकोपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते) गंभीर तोंड करून मान डोलावली आणि दाराबाहेर येताच तिला विचारलं, "छोटी घेऊ का?" मी त्याला भर रस्त्यात काय काय बोलले ते लिहीत नाही, शाई वाया जाईल.

मग मी तिला खजराना गणपतीला नेलं. म्हटलं, डॉक्टरचं ऐकत नाहीस, देवाचं तरी ऐकशील. हात जोडून तिनं सगळ्यांसमोर शपथ घेतली की आजपासून त्या काळ्या पाण्याला शिवणार नाही. माझे डोळे भरून आले, हो! नारळ वाढवला, प्रसाद घेतला, चपला घालेपर्यंत बाई स्टॉलवर उभ्या, हातात नारिंगी बाटली. म्हणे, आई, शपथ काळ्याची होती. इतकी हुशार पोरगी आणि नोकरीत अजून बढती कशी नाही, हेच मला समजत नाही.

पण खरा घात मी माझ्या हातानं केला. डोहाळजेवणाच्या आधी कॉलनीत घरोघर फिरले, बोलावणं केलं आणि बजावलं, बायांनो, हिला कोल्ड्रिंकचे डोहाळे लागलेत, डॉक्टरनं बंद केलंय, चुकूनही देऊ नका. (तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत ते एका अर्थी बरंच झालं.) कारण झालं काय, की डोहाळा काय आहे ते सगळ्या कॉलनीला कळलं. आणि कळल्यावर पुरवला नाही तर बाळाचा कान फुटतो, त्याचं पाप कोण डोक्यावर घेणार? फुलांची वाडी भरून ऋजुता पाटावर बसली आणि जिनं जिनं ओटी भरली तिनं तिनं तांदूळ, नारळ आणि पदराआडून एक बाटली! शेजारची शर्वरी, जिला मी दोनदा समजावलं होतं, ती मोठी घेऊन आली. म्हणते, "काकी, डॉक्टर डॉक्टरच्या जागी, कान कानाच्या जागी." आमची जुनी मोलकरीण सखुबाई तर मल्हारगंजातून रिक्षानं आली, म्हातारी, धाप लागलेली, बाटली छातीशी धरून. तिला काय बोलणार? तुमची पोरगी मांडीवर बाटल्या घेऊन अशी बसली होती, जशी दुकानच मांडलंय. सगळ्या जप्त केल्या, माझ्या पलंगाखाली ठेवल्या. आता मी त्यांच्यावर झोपते. पोलीस झाले आहे मी या वयात, खामखा!

आणि आता तुमचा निरोप की आठवा लागायच्या आत, या रविवारी, व्याहीबुवा गाडी घेऊन येणार, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. रीत मला माहीत आहे. पण विहीणबाई, तुमच्या घरी कोल्ड्रिंकची एजन्सी! खाली गोदाम, वर तुम्ही. जिन्यात पेट्या, गच्चीवर पेट्या. मांजराला दुधाच्या डेअरीत राखणीला बसवायचं का? आज तांदळाच्या डब्यावरून मी भयंकर ओरडले, तर ती रडायला लागली. म्हणाली, "आई, मला चवीचं काही नाही हो. झाकण उघडलं की बाबांच्या गोदामाचा वास येतो." मी म्हटलं, गोदामाला उंदराचा वास येतो. पण मग तिचे डोळे पुसत बसले. खिचडी करपली.

थकले मी. घरात माझं कोणी ऐकत नाही, ऐकलं तर उलटं करतात. सुनेला शिव्या देते आणि तिचे पाय सुजले की मीच चेपते. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची विहीण,
अंबिका

ता. क. : तिला नेऊ नका. तुम्हीच या, बाळंतपण होईपर्यंत राहा. ती माहेरासाठी झुरते, तर माहेरच इकडे आणू, बाटली सोडून. एका स्वयंपाकघरात तुम्ही आणि मी, म्हणजे काय होणार ते मला दिसतंय. तुम्ही भाजीत गूळ घालाल आणि मी गप्प बसेन. (एक आठवडा.) गुडघ्यासाठी खुर्ची देते, खालची खोली देते. व्याहीबुवांना सांगा, रिकाम्या हातानं या. त्यांच्या पिशव्या मी दारात तपासणार आहे.

ता. क. २ : पलंगाखालची एक बाटली चाखली, म्हटलं पाहू तरी आहे काय एवढं. औषधासारखी लागली. खात्री करायला दुसरी उघडली. ऋजुताला सांगू नका. ढेकर आली की मी खोकते.

डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारी बाळंतपणासाठी नाव लावायचं आहे. पत्र उद्या सकाळच्या बसनं पाठवते, बुधवारपर्यंत फोनवर उत्तर आलं पाहिजे, आणि ते "येते" असंच पाहिजे.