सूपभर ज्वारीचं पोर

आष्टी,
पौष महिना

प्रिय ख्वाजा,

सलाम घे आणि रामरामही घे. पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगतो, घरात सगळे जिवंत आहेत. फोन का केला नाहीस, असं म्हणशील. तुला फोनवर ऐकू येत नाही, मग तुझा मुझफ्फर स्पीकर लावतो आणि गादीच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकंसुद्धा आपलं बोलणं ऐकत बसतात. मला जे सांगायचं आहे ते जाफराबादच्या बाजारासाठी नाही. नातीला, इरमलाही हे वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच. चौथीपर्यंत एका तरटावर बसलो आहोत, माझं अक्षर तुला लागतं.

आमच्या आदिनाथला मुलगी झाली हे तुला कळलंच आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी घरात पाळणा आला. पण सुनेचे, दैवशालेचे दिवस भरले नव्हते. मार्गशीर्षात, थंडी धरायला लागली आणि पोर घाई करून आली. ओंजळीत मावेल एवढी. जालन्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं आदिनाथला आणि दैवशालेला समोर बसवून बजावलं, की या पोरीला नुसत्या कपड्यांची ऊब पुरायची नाही. आईनं, आई दमली तर बापानं, तिला उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. डोक्याला टोपी, पायात मोजे. अंगावरचं दूध सोडून थेंबभर दुसरं काही नाही. खोलीत शेगडी नाही, धुरी नाही. दूध ओढायचं सोडलं किंवा श्वास जोरात चालला तर घरी इलाज करत बसायचं नाही, तडक निघायचं.

पोर घरी आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. खिडकीच्या फटीत मी चिंध्या कोंबल्या, तर दैवशालेनं त्या एकेक करून उपसल्या. म्हणाली, "मामा, वारा तर तुम्ही बंद केला, आता तिनं श्वास कुठून घ्यायचा?" मी दाराशी खाकरून उभा राहतो, पोरीचं पोट हलतंय का बघतो, परत येतो, पुन्हा जातो. बाळंतपणाला दैवशालेची आई उषाबाई आलेली आहे. मोठी बोलकी बाई. तिनं मला बोलून घेतलं, "इवायबुवा, तुमी सारखं डोकावून राह्यले. बाहेरच्याची न्हाई, तुमचीच नजर लागंल पोरीला." सगळे हसले. मीही हसलो. पण बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि दाराकडे पाठ केली. ती गंमत करत होती, आणि मला तेच भ्या आहे. का आहे ते तुला सांगायला नको.

आदिनाथच्या आधीच्या दोघांचं नाव आता या घरात कोणी घेत नाही. दोघंही गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत गेले. दोघांनाही डबा झाला होता. आता डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात, तेव्हा आपण डबा म्हणायचो आणि आपले इलाज करायचो. माझ्या आईनं त्यांच्या पोटावर बिब्याचे डाग दिले. दार घट्ट लावून ओव्याची धुरी दिली. श्वास लागलेल्या लेकराला धूर पाजतोय हे कोणालाच उमगलं नाही. श्वासागणिक त्यांच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. तो खड्डा मी अजून बघतो, ख्वाजा. कोणाचंही लेकरू उघडं दिसलं की माझी नजर आधी तिथं जाते.

मग आदिनाथ झाला. दसरा होऊन हवेत गारवा आला तशी माझी नंदा जेवायची बंद झाली. तेव्हा शेजारून तुझी नूरी, आमची नूरभाबी, माझ्या आईकडे आली आणि म्हणाली, ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथलं लेकरू दुसऱ्यानं विकत घ्यायचा रिवाज आहे ना, मंग मी घेते. आईला ते पटलं. आमच्या दारात आदिनाथला सुपात निजवला आणि नूरभाबीनं दुसऱ्या सुपातून ज्वारी ओतली. तू मागं उभा होतास. म्हणालास, "धर्मा, ज्वारी तुझ्याच खळ्यावरची आहे, पिंजायच्या मजुरीत आल्ती. तुझ्याच मालावर तुझंच पोर घेऊन राह्यलो, बघ सौदा!" माझी आईसुद्धा पदराआड हसली. नूरभाबी तेवढी हसली नाही. तिनं त्याला ओढणीखाली घेतलं आणि कोणाकडेच न बघता म्हणाली, "आजसे ये मेरा बच्चा. नजर डालनी तो मेरेपे डालो." तिचं तोंड होतं तिकडे कोणीच नव्हतं. मोकळं आवार होतं आणि गार वारा होता. ती थंडीलाच बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं होतं.

यंदा पावसाळ्यात ती गेली तेव्हा मी मातीला आलो होतो. मुझफ्फरनं कबरस्तानाच्या फाटकात विचारलं, "चाचा, आदिनाथ नहीं आया?" मी म्हणालो, फवारणी चालू आहे. खोटं नव्हतं. पण मी निघताना आदिनाथ काय म्हणाला होता ते मी त्याला सांगितलं नाही. तो पाठीवर पंप अडकवत होता. म्हणाला, "बाबा, तुम्हीच जाऊन या. चांगली बाई होती, पण शेजारीणच ना." हे एक वाक्य मी एसटीत मांडीवर घेऊन बसावं तसं आष्टीपासून जाफराबादपर्यंत आणलं. त्याचा यात दोष नाही. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो बोलला.

आता पुढचं वाचून तू मला शिव्या देशील. शेजारचं तुमचं घर तुम्ही जाफराबादला गेल्यापासून कुलपात आहे. पण थंडी पडल्यापासून, पहाटे उषाबाई पाणी तापवायला उठते त्या वेळेला, आतून पिंजणाचा आवाज येतो. धनुकलीची तात ताणून सोडल्यावर येतो तसा, थांबून थांबून. मला वाटलं कान म्हातारे झाले. मग एक दिवस उषाबाईनंच विचारलं, "इवायबुवा, बाजूला कोण ऱ्हातं? कापूस पिंजल्यावानी वाजतंय." मी म्हणालो, कोणी नाही. दिवसाउजेडी जाऊन दाराच्या फटीतून बघितलं. आढ्याला जुन्या कापसाची जळमटं लटकलेली, दुसरं काही नाही. आणि सकाळचं ऊन आपल्या सामाईक भिंतीवर आलं की तिथं मला नूरभाबी दिसते. पाय लांब करून बसलेली, ओढणीखाली फुगवटा. माझ्याकडे बघत नाही. आपली वस्तू न्यायला आलेलं माणूस दाराकडे बघत बसतं तशी आमच्या दाराकडे बघते.

माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. विकत घेणारी गेली, आता थंडीच्या आडवं कोण उभं राहणार? का तीच नाराज आहे? माझं पोर माझ्या मातीला आणलं नाहीस, म्हणून तिनं हात काढून घेतला असेल तर? तू म्हणशील, धर्म्या, माझी नूरी लेकरावर राग काढील होय? मलाही ते कळतं. पण भ्यालेल्या माणसाला कळून उपयोग होत नाही.

आणि मग ती थंडीची लाट आली. गारठ्यानं भरदुपारीही ऊन लागेना. पोरीनं दूध ओढायचं सोडलं, उठवली तरी डोळे उघडेना, बारीक कण्हायला लागली. मी दैवशालेला म्हणालो, झबलं वर कर. तिनं केलं. बरगड्यांखाली तोच खड्डा. उषाबाई बिबा शोधायला उठली आणि मी, कधी व्याह्यांपुढं आवाज न चढवलेला माणूस, ओरडलो, "बिबा ठेवा तो! आदिनाथ, जीप आण, जल्दी!" उषाबाई जागच्या जागी बसली. नंतर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या, मला बी तेवढंच येत व्हतं."

आदिनाथनं जीपमध्ये बसताना शर्टाची बटणं सोडली, पोरीला उघड्या छातीवर आडवी घेतली आणि वरून स्वेटर, त्यावर शाल. तिची टोपी तेवढी त्याच्या हनुवटीखाली दिसत होती. मी जीपचं दार धरून उभा होतो. ख्वाजा, मला माझा मुलगा दिसलाच नाही. तीच मान वाकवायची तऱ्हा, तोच एक हात खालून. त्याला हे कोणी शिकवलं म्हणशील, तर सिस्टरनं शिकवलं. पण मी ते आधी एका ओढणीखालीच बघितलं होतं.

ते जालन्याला गेले आणि मी घरात एकटा राहिलो. त्याच दिवसांत हे पत्र लिहायला घेतलं. लिहायचो, उशीखाली ठेवायचो, पुन्हा काढायचो. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की पोर ज्वारीवर विकलं म्हणून जगलं. मीही तेच मानत आलो. पण खरं काय घडलं होतं ते आपल्याला माहीत आहे. दुःखानं नंदाचं दूध आटलं होतं. आमच्या घरात ते बोलायची सोय नव्हती. आईनं पाणी घातलेलं गाईचं दूध पाजलं असतं, घुटी चाटवली असती, पण दुसऱ्या बाईच्या अंगावर पोर दिलं नसतं, आणि तुमच्या घरात तर नाहीच. म्हणून नूरभाबीनं रिवाज पुढं केला. विकत घेतलेलं पोर तिचं, ती दिवसभर घेऊन जाईल, कोण कशाला विचारतंय? ओढणीखाली एका बाजूला मुझफ्फर असायचा, दुसऱ्या बाजूला आदिनाथ. आणि पिंजाऱ्याच्या घरात कापसापाशी विस्तव चालत नाही, म्हणून तुझ्या त्या खोलीत कधी धूर नसायचा. अंगाची ऊब, अंगावरचं दूध आणि स्वच्छ हवा. सिस्टरनं जे सांगितलं त्यातलं काय राहिलं होतं, सांग. ज्वारी तर आम्ही त्याच आठवड्यात दळून खाल्ली.

तू मला एकदा म्हणाला होतास की तुमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच धरतात, दूध पाजणारी ती आईच. म्हणजे तुमच्या हिशेबानं दुधामुळे आणि आमच्या हिशेबानं सौद्यामुळे, दोन्हीकडून तो तिचाच होतो. आणि तिनंच आपल्या तिघांकडून कबूल करून घेतलं की हे कोणाला सांगायचं नाही. पोराचे दोन वाटे होतील, नंदाला बाया कोरडी म्हणून नावं ठेवतील, असं म्हणाली होती. आदिनाथच्या लग्नात ती मांडवाच्या कडेला बायांच्या मागं उभी होती. नंदानं हाताला धरून पुढं ओढली, तर हात सोडवून घेतला. नंदा गेली. नूरभाबी गेली. आता हे माहीत असलेले जगात आपण दोघंच उरलो, आणि आपल्या दोघांची तब्येत तुला माहीत आहे.

पोरगी परवा घरी आली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली. दूध जोरात ओढते, वजन धरलं आहे, बरगड्यांखालची जागा सपाट आहे, मी स्वतः बघितली. ती आजारी असताना दवाखान्यात जाऊन आदिनाथला सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं होतं. सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर ते भीतीनं झालं असतं, पोरीचा जीव दे आणि हे घे, असा पुन्हा एक सौदाच झाला असता. आता मला नूरभाबीकडून काही मागायचं नाही, म्हणून आता सांगावंसं वाटतं. पण शब्द तिला दिलेला आहे आणि ती तुझी बायको होती, त्यामुळे तुझ्या परवानगीशिवाय मी तोंड उघडणार नाही. तू नाही म्हणालास तर मी गप्प राहीन, तुझ्यावर राग धरणार नाही. हो म्हणालास तर मुझफ्फरला तू सांग, आदिनाथला मी सांगतो, आणि थंडी सरली की त्याला घेऊन जाफराबादला येतो. कबर त्याला तू दाखव, मी नुसता मागं उभा राहीन. त्या दिवशी त्याच्या हातची मूठभर माती राहून गेली. इतक्या महिन्यांनी ती टाकलेली तुमच्यात चालते का, एवढं मात्र मशिदीत विचारून ठेव.

तुझाच,
धर्मा