मामा गप्प झाले की गोल समजावा

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या चॅनेलच्या हातून हॉकीच्या प्रक्षेपणाचे हक्क गेले, ही बातमी मला तुमच्याकडून नाही, ऑफिसातल्या चहाच्या मशिनपाशी कळली. म्हणजे घरातलं आता मी बाहेरच्यांकडून ऐकायचं. मामी सांगत होती की तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघता, आणि कुणी काही विचारलं तर घसा जपतोय म्हणता. तीस वर्षं सामन्यांच्या कॉमेंटरीसाठी घसा जपायचा म्हणून घरचं सगळं बोलणं तुम्ही पत्रांतून केलंत, ते आम्ही सोसलं. आता कशासाठी जपताय तेवढं कळवा.

थट्टा पुरे, कामाचं लिहिते. आमच्या कंपनीनं महिलांची क्लब हॉकी लीग घेतली आहे. सगळे सामने ॲपवर दिसणार. तिथे बघणाऱ्याला कॉमेंटरी निवडता येते. एक नाही आवडली की बोटानं दुसरी लावायची. आम्ही प्रत्येक सामन्याला दोन ठेवतोय. एक आमच्या तरुण कॉमेंटेटरची. त्याला इथे सगळे तोफ म्हणतात, का ते ऐकलंत की कळेल. दुसऱ्या जागेसाठी मी तुमचं नाव सुचवलं. मामा आहे म्हणून नाही, हे आमच्या प्रमुख बाईंना मी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्या हसल्या.

त्यांचं म्हणणं असं की तुम्ही दोन सामने करून दाखवा. जमलं तर अंतिम सामना आणि पुढचा अख्खा हंगाम तुमचा. मैदानावर जायचं नाही. माइक, हेडफोन आणि लॅपटॉप घरी येईल, चित्र बघून बोलायचं. नाही म्हणायच्या आधी एकदा जेवून घ्या.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग कडकडून भूक लागली, तेव्हा समजलो की तब्येत सुधारतेय. मैदानावर न जाता कॉमेंटरी करायची म्हणजे लग्नाला न जाता जेवण कसं झालं ते सांगायचं. असं मी मामीला म्हणालो. त्यावर ती म्हणाली की घरात बसून नुसती कुरकुर करण्यापेक्षा घरात बसून कॉमेंटरी केलेली काय वाईट. या बाईपुढे मी कधी जिंकलोय?

खरं सांगू, लीगचं नाव वाचलं आणि विरघळलो. या पोरींचे सामने दाखवा म्हणून मी आमच्या साहेबांच्या किती नाकदुऱ्या काढल्या असतील. उत्तर ठरलेलं, वेळ नाही. चॅनेलला दिवसाचे तास मोजकेच, त्यात जाहिराती, त्यात बातम्या, त्यात पुरुषांचे जुने सामने पुन्हा पुन्हा. तुमच्याकडे म्हणे तासांची टंचाईच नसते, एका वेळी दहा सामने दाखवता. हे ऐकून मला तुमच्या धंद्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आणि आणखी एक, हे तुलाच लिहितो. मला काम हवंय. संध्याकाळी फिरायला गेलं की ओळखीचे विचारतात, सध्या कुठला सामना, आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकतो. माइक समोर नसला की माझं काय करायचं हे मलाच कळत नाही. दोन सामने काय, अर्धा दिला असतास तरी उभा राहिलो असतो.

मागच्या खोलीत तयारी जोरात आहे. आवाज घुमू नये म्हणून मामीनं भिंतींवर गाद्या आणि रजया टांगल्यात. दारावरची बेल काढून ठेवली. आता लोक दार ठोठावतात, ते बेलपेक्षा दुप्पट ऐकू येतं.

तुझ्या त्या तोफेला माझा नमस्कार सांग. प्रकृतीला जप आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पहिला सामना झाला. आधी गोड सांगते. तुमचा आवाज हेडफोनमधून आला आणि ऑफिसातली दोन माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली. एकानं मला विचारलं की हे गृहस्थ मैदानावर कुठे बसलेत. मी म्हणाले, रजयांत.

आता कडू. तुम्ही रागावणार हे धरूनच लिहिते. आमच्याकडे सामन्यातल्या खास क्षणांच्या छोट्या क्लिप काढल्या जातात. माणूस नाही काढत, संगणक काढतो. तो कॉमेंटेटरचा आवाज ऐकतो. आवाज चढला की काहीतरी भारी घडलंय असं समजून तेवढा तुकडा कापतो आणि जगभर पाठवतो. तोफेच्या बाबतीत हे झकास चालतं, तो गोलला ओरडतो तेव्हा शेजारच्या खोलीतले पेले थरथरतात. तुम्ही मात्र गोल झाला की गोल म्हणता, मुलीचं नाव घेता आणि गप्प बसता. टीव्हीवर आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं, त्यामुळे माझ्या हे लक्षातच आलं नाही.

सामन्यात चार गोल झाले. तुमच्या आवाजातली एकाचीही क्लिप निघाली नाही. ज्या निघाल्या त्या सांगते. एकीत तुम्ही गोलकीपरच्या पॅडचा पट्टा सुटलाय म्हणून असे कळवळून ओरडलात, जसं काही तिला ते ऐकू जाणार होतं. दुसरीत पंचांवर घसरलात. तिसरीत मामी चहा घेऊन आली असावी, कारण मैदानात चिटपाखरू हलत नव्हतं आणि तुम्ही आत्ता नको, आत्ता नको असं दोनदा खेकसलात. ही तिसरी सगळ्यात जास्त पाहिली गेली. लोक पोट धरून हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही मला म्हणवत नाही. अख्खा सामना बघणारे मूठभर, बाकीचे लोक रांगेत उभं राहून फोनवर क्लिप बघतात, आणि त्यातलेच काही मग सामन्याकडे वळतात. क्लिपमध्ये गोलच नसला तर ते कशाला येतील, आणि त्या पोरींची लीग पुढच्या वर्षी कोण दाखवील? त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पुढच्या सामन्यात गोलला मामांचा आवाज चढला तर ठीक, नाहीतर अंतिम सामना एकट्या तोफेचा.

मामा, ओरडा ना. एकदा तरी. माझ्यासाठी म्हणून ओरडा. तुमचं काम जाईल या भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

रागाच्या भरात माझं प्रेम कमी करू नका.

तुमची,
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवलो नाही. संगणकानं मला बिनडोक ठरवलं याचा राग नाही, तू ओरडा म्हणालीस याचा आला. अगं, गोल माझा नसतो. तो त्या पोरीचा असतो. त्या क्षणी तिच्या सोबतिणी तिला काय हाका मारतात, स्टिका कशा आपटतात, लोक कसे उठतात, ते बघणाऱ्याच्या कानात जायला हवं. त्यात मी माझं नरडं घातलं तर मी चोरच.

पण तुझ्यासाठी म्हणून सराव केला. खोलीचं दार लावून गोल, गोल म्हणून बोंबललो. शेजारचे धावत आले, मामीनं त्यांना काय सांगितलं देव जाणे, तेव्हापासून ते माझी चौकशी फार हळू आवाजात करतात.

दुसऱ्या सामन्यात पहिला गोल झाला आणि मी ओरडलो. छान लांबलचक ओरडलो. संगणकाच्या अंगात आलं असेल. मला मात्र माझीच लाज वाटली. हेडफोनमध्ये त्या पोरी काहीतरी म्हणत होत्या आणि माझ्याच आवाजाखाली ते मला ऐकू आलं नाही.

मग लॅपटॉपच्या कडेला ती रांग असते ना, बघणारे लिहितात ती, तिकडे नजर गेली. तोवर मी तिकडे बघतच नव्हतो. कुणीतरी लिहिलं होतं, मामा, काय झालं? तू ऑफिसात मामा मामा करत असणार, ते बाहेर फुटलंय. दुसऱ्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. एका बाईनं लिहिलं की तिची मुलगी त्याच संघात आहे आणि मागच्या वेळी मी गप्प राहिलो म्हणून तिला मुलीचा आवाज ऐकू आला होता, या वेळी नाही आला.

भिंगरी, तीस वर्षं मी बोललो. ऐकणारे किती, कुठले, काय म्हणतात, काही पत्ता नाही. माइकच्या पलीकडे भिंत होती म्हण. पहिल्यांदा पलीकडून कुणीतरी बोललं, आणि ते गप्प बसा म्हणालं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दुसऱ्या गोलला मी गप्प बसलो.

तेव्हा बाईंना सांग, अंतिम सामना तोफेला देऊन टाका. मनापासून लिहितोय. काम हवंय, खूप हवंय, पण असं नको. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, त्याला मी जागलो नाही, तेवढं मला बोचतं. तोंड फिरवू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
मामा

८ मार्च

ती. मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नाही म्हणालात ते पत्र मी बाईंना दाखवलंच नाही. शिव्या नंतर घाला, आधी पुढचं वाचा.

कोण केव्हा कुठली कॉमेंटरी लावतं हे आम्हाला दिसतं. मी दोन्ही सामन्यांचे आलेख काढून बाईंच्या टेबलावर ठेवले. तोफेचे ऐकणारे जास्त, तुमचे कमी, हे माहीतच होतं. पण चेंडू गोलच्या जवळ आला की तोफेकडचे लोक घोळक्यानं तुमच्याकडे येतात, गोल ऐकतात आणि परत जातात. बाईंनी एकेक रेघ बोटानं तपासली. शेवटी त्यांनी तोफेला बोलावून हे असं का होत असेल ते विचारलं. तो म्हणाला की मीसुद्धा माझा सामना नंतर बघताना गोलला मामांकडेच जातो. या पोराला मी उगाच पाण्यात पाहत होते.

क्लिपचा प्रश्न राहिला होता. तो आमच्या इंजिनियरनं सोडवला. संगणकाला तुमच्यापुरता वेगळा नियम शिकवलाय. आवाज चढला तर दुर्लक्ष करायचं. मामा गप्प झाले की गोल समजावा. जुन्या दोन सामन्यांवर चालवून बघितला. तुम्ही ओरडलात तो एक सोडून सगळे गोल सापडले, शिवाय तुम्ही पाणी प्यायलात ते दोन प्रसंगही सापडले. तेवढं चालेल असं बाई म्हणाल्या.

अंतिम सामना तुमचा. पाणी आधी पिऊन घ्या.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुमची,
भिंगरी

२२ मार्च

ती. मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पुढचा हंगाम तुमचा, तसं बाई स्वतः कळवणार आहेत. पण काल तुम्ही त्या खोलीत एकटे होतात, आमच्याकडे कंट्रोल रूममध्ये काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून लगेच लिहायला बसले.

शेवटचा पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा बरोबरी होती आणि घड्याळात काही उरलं नव्हतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बघणाऱ्यांचे संदेश इतक्या वेगानं सरकत होते की एकही वाचता येत नव्हता. निळ्या संघाच्या कर्णधारानं मारलेला चेंडू गोलच्या आत, मागच्या फळीवर आदळला. तुम्ही गोल म्हणालात, तिचं नाव घेतलंत, आणि थांबलात.

आणि संदेशांची रांग थांबली. ॲपवर कुणाचं चित्र काही सेकंद पुढे असतं, कुणाचं मागे, त्यामुळे एकदम नाही, अडखळत अडखळत थांबली आणि मग पडदा तसाच राहिला. इंजिनियर ताडकन उठला, सर्व्हर पडला म्हणाला, आणखी दोघं वायरींकडे धावले. बाईंनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. काही पडलेलं नव्हतं. चित्र चालू होतं, आवाज चालू होता. काचेपलीकडे तोफ माइक बंद करून नुसता बसला होता.

हजारो माणसं आपापल्या घरात होती आणि कुणी न सांगता त्यांनी लिहायचं थांबवलं होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून त्याच संघाची गोलकीपर धावत आली, कर्णधाराला तिनं लहानपणीच्या कुठल्यातरी नावानं हाक मारली, आणि ती हाक आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. मी रडत होते. बाईंचं मला माहीत नाही, त्या पाठमोऱ्या होत्या.

मग तुम्ही हळूच सांगितलंत की सामना संपला. तरी थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही. पहिली ओळ आली ती कुणा अनोळखी माणसाची. तिकडे तुम्ही बघितलंत की नाही कोण जाणे, म्हणून इथे उतरवून काढतेय. मामा, आम्ही सगळे इथेच आहोत, एवढंच त्यानं लिहिलं होतं.

तुमच्या लोभात अशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी